हिवाळ्यात उघडायचं पुस्तक

जुलैतली दुपार होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, क्लोके गावच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या समोरच्या टेबलाशी एक आजी मणी ओवत बसल्या होत्या. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर निळी-पांढरी फुलं भरत होत्या. सुई मण्यांच्या ढिगात खुपसायची, एका झटक्यात चार-पाच मणी उचलायचे, दोऱ्यावरून खाली सरकवायचे आणि टाका घालून पक्के करायचे, असं त्यांचं न बघता चाललं होतं. सोबत सात-आठ वर्षांचा नातू. तो कपाटाकडे गेला, वेनाबोझोच्या, म्हणजे ओजिब्वे आदिवासींच्या पुराणकथांतल्या नायकाच्या, गोष्टींचं एक चित्रमय पुस्तक घेऊन आला आणि आजीला टेकून ते उघडू लागला. आजींनी सुई बाजूला ठेवली आणि तळहात मुखपृष्ठावर टेकवला. "आत्ता नाही. बर्फ पडल्यावर." पोराने हट्ट केला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. पुस्तक जागेवर ठेवून तो माशांवरचं दुसरं घेऊन आला आणि मग वॉलाय माशाच्या दातांवर दोघांच्या बराच वेळ गप्पा चालल्या.

मी मात्र तिथेच अडकले. पुस्तक उघड्या कपाटात होतं. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. हात लांबवला की मिळेल अशा ठिकाणी ठेवलेल्या पुस्तकावर एक म्हातारी बाई तळहात ठेवते आणि मूल ते मानतं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

नियम मला ऐकून ठाऊक होता. ओजिब्वे लोकांच्या पवित्र गोष्टी, त्यातही वेनाबोझोच्या, जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. बेडूक, साप आणि बाकीचं बरंच काही जमिनीखाली झोपलेलं असतं तेव्हा. उन्हाळ्यात मासे असतात, बेऱ्या असतात, ऑगस्टच्या शेवटी तळ्यांत मनोमिन, म्हणजे पाण्यात उगवणारं रानधान्य, पिकतं. गोष्टी ऐकत बसायला सवड कुणाला? पण सवडीचं कारण वरवरचं. या गोष्टी जिवंत आहेत, त्या कोण ऐकतंय याचं भान ठेवून सांगाव्यात, अशी श्रद्धा त्यामागे आहे. आपल्याकडे शुक्रवारची कहाणी श्रावणातल्या शुक्रवारी, हातात तांदूळ घेऊनच ऐकायची असते; वैशाखात कुणी "ऐका परमेश्वरी" म्हणायला बसत नाही. ते आपल्याला कधी विचित्र वाटत नाही. मग हे का वाटावं?

वाटलं, कारण मी वाचनालयात वाढलेली मुलगी आहे. आमच्या गावच्या वाचनालयात जाळीच्या दारांची लाकडी कपाटं होती आणि देवघेवीच्या खिडकीत पुस्तकाचं नाव सांगितलं की शिपाईमामा आत जाऊन ते काढून आणायचे. मला हवं ते पुस्तक आणि मी, यांच्यामध्ये ते दार असायचं याचा मला मनस्वी राग होता. पुढे मुक्तद्वार आलं, कपाटांमधून हात फिरवत हिंडता आलं, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. हे नियम मी पुढे वाचले, पण मनाने ते फार आधीच मान्य केले होते. ग्रंथालय म्हणजे उघडं दार, एवढं माझं साधं गणित.

क्लोके हे डुलुथपासून अर्ध्या तासावरचं, सेंट लुईस नदीकाठचं, कागद-लाकडाच्या गिरण्यांचं गाव. हवेत कधी कधी गिरणीचा आंबूस वास असतो. पाइनच्या झाडीतलं फॉन्ड डू लॅक कॉलेज १९८७ साली सुरू झालं. ते एकाच वेळी ओजिब्वे जमातीचंही आहे आणि मिनेसोटा राज्याचंही. तिथल्या ग्रंथालयाला रूथ मायर्स यांचं नाव आहे. मिनेसोटातल्या आदिवासी शिक्षणासाठी त्या आयुष्यभर झटल्या, स्वतः ओजिब्वे होत्या. नावातच पुढे 'ओजिब्वे अभिलेखागार' असंही आहे. अशा कॉलेजांची चळवळ १९६८ साली नॅव्हाहो लोकांनी सुरू केली. आपल्या मुलांना आपल्या माणसांनी शिकवायचं, एवढीच मागणी. ती करायला एवढा उशीर का झाला, हे समजून घ्यायचं तर दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

पहिली, १८७९. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली आणि तिच्या नमुन्यावर देशभर शेकडो. मिनेसोटात मॉरिसला, पाइपस्टोनला. मुलांना घरापासून तोडून तिथे न्यायचे, केस कापायचे, नाव बदलायचे आणि मातृभाषेत बोललं तर शिक्षा करायचे. १८८३ पासून तर जमातींचे कित्येक धार्मिक विधी सरकारी नियमांनी गुन्हाच ठरवले होते. दुसरी तारीख १९०७. फ्रान्सिस डेन्समोर नावाची संगीत शिकलेली बाई व्हाइट अर्थ आरक्षित क्षेत्रात फोनोग्राफ घेऊन गेली आणि ओजिब्वे गायकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवू लागली. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटांचं गाणं. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, ढोल बेताने वाजवायचा, नाहीतर सुई भलतीच थरथरायची. मिडेविविन या औषधविधी करणाऱ्या पंथाची गाणीसुद्धा तिने घेतली. १९१० आणि १९१३ साली स्मिथसोनियन संस्थेने त्यांचे दोन खंड छापले. म्हणजे एका खात्याने पोरांच्या तोंडून भाषा उपटून काढायची आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने आज्यांच्या तोंडून ती मेणावर उतरवून वॉशिंग्टनला न्यायची.

डेन्समोर दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. तिने गायकांची नावं लिहून ठेवली, चेहऱ्यांची छायाचित्रं काढली, आयुष्यभर मेहनत केली. तिच्यामुळे काही गाणी आज ऐकता येतात आणि ती ऐकून रडणारी पणतवंडं आहेत. पण नळकांडी गेली कुठे? जिथे गाणारा माणूस कधी पोहोचणार नाही अशा तळघरात. १९७९ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, या जुन्या नळकांड्यांच्या प्रती काढून त्या त्या जमातीकडे परत पाठवायचं काम हाती घेतलं, तोवर गाणारी पिढी संपली होती. आदिवासींना आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे, असा कायदाही अमेरिकेत १९७८ सालचा.

परत आलेली गाणी ठेवायची कुठे आणि कशी, हा मग नवा प्रश्न. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ओजिब्वेंविषयीची बरीचशी पुस्तकं 'ई ९९. सी ६' या खुणेखाली सापडतात. ई म्हणजे अमेरिकेचा इतिहास. मेपलचा पाक कसा आटवायचा, बर्चच्या सालीची होडी कशी शिवायची, तापावर कुठलं मूळ उगाळायचं, सगळं इतिहासात. मी एका मोठ्या ग्रंथालयात त्या कपाटापुढे उभी राहिले आहे. एकसारख्या पांढऱ्या चिठ्ठ्या, एका ओळीत. ज्यांचं पोरगं दोन मैलांवरच्या शाळेत जातं, त्यांना असं इतिहासात उभं करून ठेवलेलं पाहताना छातीत काहीतरी दाटून येतं. कॅनडात ब्रायन डीअर या मोहॉक ग्रंथपालाने १९७०च्या दशकात वेगळं वर्गीकरण तयार केलं ते याचसाठी. आपली माणसं आणि त्यांचे शेजारी कोण, यावरून पुस्तकांची जागा ठरली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. वर्गीकरण हे फार कोरडं काम समजलं जातं. मला ते सत्तेचं सगळ्यात शांतपणे केलेलं काम वाटतं.

आणि जतन केलेलं ज्ञान नुसतं कपाटात शोभेला नसतं. २९ जुलै १८३७ रोजी फोर्ट स्नेलिंगजवळ ओजिब्वे पुढाऱ्यांनी प्रचंड मोठा मुलूख अमेरिकेला देणारा करार केला, त्यात शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे कित्येक वर्षं राज्य सरकार म्हणत राहिलं की तो हक्क कधीच संपला. मिल लॅक्स आणि फॉन्ड डू लॅक या दोन्ही गटांनी दावे लावले आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला. त्या निकालामागे जुनी टिपणं होती. करार करताना कोण काय बोललं, ओजिब्वेंना तो काय समजला होता, याची. कागद कुणीतरी जपून ठेवले होते आणि कुणीतरी ते शोधून वाचले, म्हणून आज एखादा बाप मुलाला घेऊन आजोबांच्या तळ्यावर जाळं टाकू शकतो.

छापलेला शब्द त्यांनी स्वतःही हाती घेतला होता. १८८६च्या मार्चमध्ये व्हाइट अर्थला 'द प्रोग्रेस' नावाचं वर्तमानपत्र निघालं, जमातीतल्याच माणसांनी काढलेलं. सरकारी एजंटाने पहिल्याच अंकानंतर छापखाना बंद पाडला. दुसरा अंक निघायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. दीड वर्षाचं ते अंतर मला फार बोलकं वाटतं. त्यांच्याबद्दल लिहिलेलं हवं होतं. त्यांनी लिहिलेलं नको होतं.

मनोमिनचंही तसंच. होडीत दोघं, एक उभ्याने बांबूसारख्या लांब काठीने होडी पुढे ढकलतो, दुसरा देवदारी दांडीने देठ वाकवून दुसऱ्या दांडीने हलकेच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत, कच्चे देठावरच, काही पाण्यात. पाण्यातले पुढच्या वर्षाचं बी. मग कढईत चुलीच्या धगीवर सतत ढवळत भाजायचे, मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, घालून तुडवायचे, पाखडायचे. रस्त्याकडेच्या टेबलावरून मी घेते ते हे हातभाजलं मनोमिन, राखाडी-तपकिरी, लांबोळकं. पिशवी उघडली की धुराचा वास घरभर. वीस मिनिटांत फुलतं. दुकानात मिळणारं काळं कुळकुळीत 'वाइल्ड राइस' शेतात बांध घालून वाढवलेलं असतं, ते तासभर शिजवलं तरी दाताखाली येतं. ते शेतातलं वाण विद्यापीठांनी वर्षानुवर्षं संशोधन करून तयार केलं. आणि त्याच्या जनुकांवर काम सुरू झालं तेव्हा ओजिब्वेंनी विद्यापीठाला कळवलं की हे आमचं पवित्र धान्य आहे, आम्हाला न विचारता याला हात लावू नका. दुसरीकडे, मनोमिनच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असा मिनेसोटाचा नियम १९७३ सालचा आहे, पण खाणवाल्यांपुढे तो बरीच वर्षं कागदावरच राहिला. शेवटी फॉन्ड डू लॅकने स्वतःच्या पाण्याची स्वतःची मानकं केली, आणि २०२३ साली नदीच्या वरच्या अंगाच्या तांब्या-निकेलच्या एका खाणीचा केंद्रीय परवाना रद्द झाला तो प्रकल्प त्या मानकांत बसत नाही म्हणून. कोणत्या तळ्यात किती पाणी असलं की मनोमिन धरतं, हे पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेल्या लोकांचा शब्द तिथे चालला.

तरीही त्या तळहाताचं काय?

माझ्या मनातली खरी अढी आणखी खोल होती. कुणी काय ऐकावं आणि कुणी ऐकू नये, हे ठरवणाऱ्यांनी आपल्याकडे काय केलं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शंबूक, एकलव्य या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो, आणि मोठेपणी त्यांचा अर्थ कळतो तेव्हा हादरतो. १८४८ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती. आजी चौथीपर्यंत शिकली. मी इथे आले. माझ्यापर्यंत जे पोहोचलं ते कुणीतरी दारं फोडली म्हणून. तेव्हा 'हे ज्ञान सगळ्यांसाठी नाही' असं वाक्य कानावर पडलं की माझ्या अंगावर काटा येतो, मग ते कितीही गोड आवाजात म्हटलेलं असो.

यावर मी खूप विचार केला आहे आणि मला आता एवढं दिसतं की दोन्हीकडच्या नकारांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे ज्याच्या हाती सगळं होतं त्याने, ज्याच्या हाती काहीच नव्हतं त्याला नकार दिला. इथे ज्यांच्याकडून जमीन, मुलं, गाणी, थडग्यांतली हाडंसुद्धा उचलून नेली, ते म्हणतात, आता तरी आधी विचारा. आजींच्या त्या तळहाताने नातवाचं काही हिरावलं नाही; डिसेंबरमध्ये तीच गोष्ट त्याला तिच्याच तोंडून मिळणार होती, तिच्या आवाजात, मध्येच थांबून प्रश्न विचारता येतील अशी. पुस्तकात ती आहेच. पण पुस्तकातली गोष्ट कुणाची वाट बघत नाही.

म्हणून सगळी अढी गेली असंही नाही. मिडेविविनमध्ये पायऱ्या आहेत, दीक्षा आहे. बर्चच्या सालीवर कोरलेल्या गुंडाळ्यांचा अर्थ दीक्षितांनाच कळावा अशी रीत आहे. हॉफमन नावाच्या संशोधकाने १८९१ साली त्यातल्या काहींची चित्रं सरकारी अहवालात छापून टाकली आणि आज ती कुणालाही पाहता येतात. ती मी पाहावीत का? आणि उलट बाजूने, मिनियापोलिसच्या एखाद्या इमारतीत वाढलेली, आजी-आजोबा निवासी शाळेत गेल्यामुळे घरात भाषेचा एक शब्दही न ऐकलेली ओजिब्वे मुलगी असेल, ज्येष्ठांकडे काही शिकायला जाताना द्यायची तंबाखूची चिमूट हातात घेऊन कुणाच्या दारी जायचं हेही तिला ठाऊक नसेल, तर तिने काय करायचं? शेवटचा जाणता गेल्यावर तिला काय उरणार? ओजिब्वे लोकांतही यावर एकमत नाही. काही ज्येष्ठांनी ठरवून ध्वनिमुद्रण करू दिलं, लिहून घेऊ दिलं, कारण उद्या आपण नसू. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी'त एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की वेगवेगळ्या गावच्या ज्येष्ठांचे आवाज ऐकू येतात. एकाच शब्दाचा कुणाचा उच्चार घोगरा, कुणाचा ठसठशीत, एखाद्या आजींचा शेवटी किंचित हसल्यासारखा. मी रात्री स्वयंपाकघर आवरताना ते ऐकत बसते. त्या आज्यांनी ते आवाज स्वतः होऊन दिले आहेत, हे माहीत असल्यामुळे ऐकताना मन स्वच्छ राहतं.

२००६ साली आदिवासी आणि इतर ग्रंथपाल-अभिलेखपालांनी मिळून या सगळ्यासाठी संकेत लिहून काढले. आदिवासींची सामग्री ज्या संस्थांकडे आहे त्यांनी त्या त्या समाजाला कळवावं, विचारावं, काय दाखवायचं काय नाही यात त्यांचा शब्द मानावा. अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या मुख्य संघटनेने ते मान्य करायला २०१८ साल उजाडलं. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा माझ्याच लहानपणच्या गणिताचा होता. ग्रंथालय म्हणजे उघडं दार. मला तो मुद्दा अजूनही आतून कळतो. पण दार कुणाच्या घराचं आहे, हे आता मी त्या गणितात धरते.

माझी एक मैत्रीण महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिच्याकडे संदर्भ विभागातल्या लोखंडी कपाटात कॅसेटींचं एक खोकं आहे. फार वर्षांपूर्वी कॉलेजचं शिबिर एका कातकरी वाडीवर गेलं होतं, तेव्हा मुलांनी बायकांची गाणी टेप केली होती. कॅसेटींवरच्या चिठ्ठ्यांवर 'आदिवासी गीते' एवढंच लिहिलेलं, पुढे आकडा. गाणारीचं नाव नाही. त्या कॅसेटी डिजिटल करून यूट्यूबवर टाकायचं तिने ठरवलं होतं. बुरशी लागत चालली आहे, आणखी दोन पावसाळे त्या टिकणार नाहीत, असं ती कळवळून सांगत होती आणि ते खरंच होतं. यावर आम्ही फोनवर पुष्कळ भांडलो. ती म्हणे, तू अमेरिकेत बसून मला शिकवतेस, इथे पट्टी तुटली की गाणं गेलं. मी म्हणे, पट्टी वाचव, आजच वाचव, पण लोकांपुढे टाकण्याआधी वाडीवर जा. "आणि त्या नाही म्हणाल्या तर?" "तर नाही टाकायचं." "मग वाचवून उपयोग काय?" "त्यांना परत द्यायला."

तिने आधी सगळ्या कॅसेटींच्या प्रती करून घेतल्या, ते बरं झालं. मग एका रविवारी पेनड्राइव्ह आणि छोटा स्पीकर घेऊन ती वाडीवर गेली. वाडी मूळ जागेवर राहिलेली नाही, अर्धी घरं वीटभट्ट्यांवर गेलेली. जी होती त्यांच्या अंगणात तिने गाणी लावली. तिसऱ्या कॅसेटवरचा आवाज एका बाईने ओळखला, तिच्या आजीचा. तिने गाणं दोनदा लावायला सांगितलं आणि पेनड्राइव्ह ठेवून घेतला. यूट्यूबचं विचारलं तेव्हा म्हणाली, भाऊ दिवाळीला भट्टीवरून येतो तेव्हा बघू. मैत्रिणीने तिच्या आजीचं नाव कॅसेटच्या चिठ्ठीवर पेनाने लिहून घेतलं आहे आणि दाखल नोंदीतही. बाकीच्या आवाजांची ओळख अजून पटायची आहे.